मतभेद आणि रक्तदाब

१९९८ साली रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार लोकसभेत गेले. पुढे पुन्हा गट पडले. आज घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत भावाचा गट एक, तर मेव्हण्याचा दुसरा. आपल्या नेत्याला कोणी बोलले की आपल्यालाच लागते, कारण मत हीच आपली ओळख झालेली असते. शरीर त्याला हल्ला समजते: छाती धडधडते, रक्तदाब चढतो, समोरच्याचे ऐकूच येत नाही. बीपीच्या रुग्णांनी विशेष जपावे. गोळी चुकवू नये. आवाज चढला की थांबा, श्वास सावकाश सोडा. मग विचारा, "तुला असं का वाटतं?" राजकारणातल्या व्यक्तिपूजेचा धोका बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितला होता. तो घरात बोलतानाही आठवावा.