रसाचा ग्लास कितीला विकायचा? शिरोबिंदू काढा, भाव सापडेल

व्हिडिओत फळ्यावर जो उलटा वाडगा काढला होता, त्याचं गणित इथं सावकाश करू. वही-पेन घेऊन बसा.

समजा, तुम्ही नेवाशात ज्ञानेश्वर मंदिराच्या रस्त्याला रसवंती टाकली. पैस खांबाच्या दर्शनाला येणारी माणसं, त्यात एप्रिलचं ऊन. उसाला तर आपल्या तालुक्यात तोटा नाही. भेंडे आणि सोनई, दोन्हीकडे साखर कारखाने. प्रश्न एवढाच, की ग्लास कितीला?

पहिला आठवडा भाव १५ रुपये ठेवला, रोज १८० ग्लास गेले. दुसरा आठवडा २० ठेवला, तर १४० गेले. म्हणजे भाव एक रुपया वाढला की ८ ग्लास कमी. ऊस, बर्फ, लिंबू, डिझेल मिळून ग्लासामागे खर्च ७ रुपये. (आकडे उदाहरणापुरते आहेत, तुम्ही तुमचे टाका.)

भावाला 'भ' म्हणू.

ग्लास = ३०० − ८भ
नफा = (भ − ७) × (३०० − ८भ) = −८भ² + ३५६भ − २१००

भ² आला, म्हणजे आलेख सरळ रेषेत जात नाही. त्याच्यामागे वजा आहे, म्हणून वाडगा उलटा. त्याचा सगळ्यात उंच बिंदू म्हणजे शिरोबिंदू. सूत्र आठवा, −ब ÷ २अ. इथं ३५६ ÷ १६ = २२.२५ रुपये.

सूत्र विसरलात? काही बिघडत नाही. नफा शून्य कधी होतो ते बघा. ७ रुपयांना विकलं तर सुटत काहीच नाही, आणि ३७.५० ला गिऱ्हाईकच येत नाही. या दोन्हींच्या बरोबर मधोमध शिरोबिंदू: (७ + ३७.५०) ÷ २ = २२.२५. मी स्वतः हीच रीत वापरतो.

आता ताळा करू. १५ ला १,४४० रुपये सुटतात, २० ला १,८२०, २२ ला १,८६० आणि २५ ला १,८००. म्हणजे १५ रुपयांत दुकानापुढे गर्दी सगळ्यात जास्त, पण नफा सगळ्यात कमी! आणि बघा, शिखराजवळ वाडगा सपाट असतो. २० आणि २२ मध्ये फरक फक्त ४० रुपयांचा. सुट्ट्या पैशांची कटकट बघता मी तर २० च ठेवीन.

बरेच जण विचारतात, "सर, जागेचं भाडं वाढलं, भाव वाढवू का?" भाडं २,१०० च्या जागी असलेल्या आकड्यात मिसळतं. त्यानं अख्खा वाडगा खाली सरकतो, शिरोबिंदूचा भाव तोच राहतो. ऊस महागून ग्लासाचा खर्च ७ चा ९ झाला, तर मात्र भाव सरकतो, पण निम्माच: (९ + ३७.५०) ÷ २ = २३.२५. दोन रुपयांचा बोजा पूर्ण गिऱ्हाइकावर टाकला, तर तुम्ही शिखर ओलांडून पुढे जाता.

एक सावधगिरी. दोन भावांवरून काढलेली रेषा १५ ते २५ च्या आसपासच खरी धरा. शेजारी दुसरी रसवंती आली, की माप पुन्हा घ्यायचं.

आता वहीत हे सोडवा: एकादशीला प्रत्येक भावाला दुप्पट ग्लास जातात, ६०० − १६भ. भाव किती ठेवाल? आधी ७ आणि ३७.५० हे दोन आकडे बदलतात का ते बघा, मग उत्तर लिहा.