जुन्या बोटीची कंट्रोल केबल: सीझनआधी एक तास द्या



मालवण, तारकर्ली, देवबाग भागात जुनी बोट घेऊन पर्यटन व्यवसायात उतरायचा विचार करताय? मग बोट घेताना तुम्ही इंजिनाचा आवाज ऐकाल, रंग बघाल, तळ ठोकून बघाल. पण चालकाच्या हातातल्या लीव्हरपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या दोन केबल्सकडे फारसं कुणी बघत नाही. एक केबल गिअरची, दुसरी थ्रॉटलची. व्हिडिओत लीव्हर हलवून दाखवलाय, इथे पूर्ण पद्धत लिहून देतो.

हे एवढं महत्त्वाचं का?

बोटीला ब्रेक नसतो. धक्क्याला लागताना तुम्ही न्यूट्रल करून रिव्हर्स टाकता, तोच तुमचा ब्रेक. नेमकी त्या क्षणी केबल अडकली तर बोट पुढेच जाणार, आणि समोर धक्क्यावर माणसं उभी असतात.

आता हिशोब. समजा 8 पर्यटक, माणशी 300 रुपये, दिवसाला 5 फेऱ्या. म्हणजे 12,000 रुपये. नाताळच्या आठवड्यात बोट तीन दिवस उभी राहिली तर 36,000 गेले. हे आकडे तुमच्या धंद्याचे घाला आणि शेजारी केबलच्या जोडीचा भाव लिहा. उत्तर तुम्हालाच मिळेल.

तपासणी कशी करायची?

1. इंजिन बंद. चावी खिशात, किल स्विचची दोरी काढलेली.

2. केबल पूर्ण लांबीभर बघा. आवरणाला चीर, घासलेली जागा किंवा फुगवटा दिसला तर खारं पाणी आत जाऊन गंज धरलाय असं समजा. टोकाची दांडी, नट आणि पिनाही बघा.

3. लीव्हर पुढे-मागे करा. बोट जमिनीवर असेल तर दुसऱ्याला पंखा हाताने हळूहळू फिरवायला सांगा. बंद इंजिनात गिअरचे दाते जुळत नाहीत, तेव्हा जोर लावला तर केबलच खराब होते.

4. लीव्हर जड लागला? आधी मोबाईलवर जोडणीचा फोटो काढा, मग इंजिनाकडचं टोक सोडवा. आता लीव्हर हलका झाला तर दोष इंजिनाकडच्या जोडण्यांत आहे. तरीही जड असेल तर दोष केबलमध्ये किंवा कंट्रोल बॉक्समध्ये. बॉक्सकडचं टोकही सोडवून केबल हाताने सरकवून बघा, कोण अडतंय ते कळेल.

तेल सोडायचं का?

नाही! या केबल्स बहुतेक बंद बनावटीच्या असतात. आत सोडलेल्या तेलाला मीठ-धूळ चिकटते. चार दिवस केबल हलकी वाटते आणि पाचव्या दिवशी भर समुद्रात अडकते. मरीन ग्रीस फक्त बाहेरच्या दांडीला आणि जोडण्यांना लावा. आतून जड झालेली केबल बदलायचीच.

नवी घेताना

लांबी बहुधा आवरणावर छापलेली असते. इंजिनाची कंपनी आणि मॉडेल सांगा, कारण टोकं वेगवेगळी असतात. दोन्ही केबल्स एकाच वयाच्या असतील तर दोन्ही बदला. बसवताना तीव्र वळण देऊ नका. उत्पादकाने दिलेली मर्यादा पाळा; नेहमीच्या केबलला वळणाची त्रिज्या साधारण 8 इंचांपेक्षा कमी नको.

बसवल्यावर न्यूट्रल, पुढचा आणि मागचा गिअर नीट पडतोय का, थ्रॉटल पूर्ण उघडून पूर्ण बंद होतंय का ते बघा. पहिली चाचणी प्रवाशांशिवाय. खात्री नसेल तर जुळवणी मेकॅनिककडूनच करून घ्या.

पावसाळ्यात बोट वर ओढलेली असते, तेव्हाही पंधरा दिवसांतून एकदा लीव्हर हलवत राहा. केबल एका जागी बसून राहिली की धरते.

आजचा गृहपाठ: एक वही करा. तारीख, केबलची लांबी, कधी बदलली, लीव्हर हलका की जड, एवढंच लिहा. रोज पहिल्या फेरीआधी लीव्हर एकदा हलवून बघा. हाताला कालच्यापेक्षा जड लागला, तर त्या दिवशी प्रवासी घ्यायचे नाहीत. हा नियम बोटीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवा.