सह्याद्रीचा कातळ वाचताना

१. गडावर चढण्याआधी समोरचा कडा नीट पाहून घ्यावा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा पुन्हापुन्हा वाहिला आणि एकावर एक थर साचत गेले. थराचा घट्ट भाग उभा कडा होऊन टिकतो. वरचा सच्छिद्र भाग झिजून उतार होतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे. कळसूबाईची १६४६ मीटर उंची अशाच थरांनी उभी केली आहे.

२. पाणी शोधायचं तर तांबडा पट्टा शोधावा. दोन लाव्हांच्या मधल्या काळात खडक झिजून माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली. कड्यात विटकरी रंगाची आडवी रेघ दिसते ती हीच. बोटाने खरवडली की भुकटी निघते. वरच्या कातळाच्या फटींतून मुरलेलं पाणी या चिकण थरावर अडतं आणि आडवं बाहेर पडतं. मार्चनंतरही ओल धरणारे कितीतरी पाझर मला याच रेघेवर सापडले. गुराख्यांना ते आधीपासून ठाऊक असतात; त्यांनाच विचारावं.

३. चमकणारा खडा उचलू नये. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाण्याने हळूहळू स्फटिक घडवले. जागेवरच ते सुंदर दिसतात.

४. सड्याला, म्हणजे कातळाच्या पठाराला, पडीक म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कासचं पठार जांभ्याचं आहे, वर जेमतेम वीतभर माती, तीही सगळीकडे नाही. पावसाने अन्नद्रव्यं धुऊन जातात, म्हणून तिथल्या दवबिंदूसारख्या वनस्पती किडे पकडून नत्राची गरज भागवतात. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदाच फुलते. फोटोसाठी आत टाकलेलं एक पाऊल ती ओली माती दाबून टाकतं.

५. उतारावर घर बांधायचं असेल तर आधी पाणी कुठून वाहतं ते पाहावं. ३० जुलै २०१४ ला मुसळधार पावसात माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसं गेली. तरीही आजसुद्धा प्लॉट सपाट करायला यंत्रं लावून उताराचा पायथा कापताना दिसतात. पावसाळ्यात जमिनीला नवी भेग दिसली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा झाडं कलली, तर मी वाट बघत नाही. गावात सांगतो आणि तहसील कार्यालयाला त्याच दिवशी कळवतो.