तारेखालचा आंबा

अगं, फांदी तोडायला गडी मिळाला म्हणून तू एवढी खूश झालीस, पण आधी त्याला थांबव. कोयता खाली ठेवायला सांग आणि मग माझं ऐक.

जी फांदी तारेला टेकली आहे, किंवा तुटली तर तारेवरच जाईल अशी आहे, तिला त्यानेही हात लावायचा नाही आणि तुम्हीही नाही. आपल्या वाडीवरून जाते ती तार उघडी असते, नुसती ॲल्युमिनियमची, वर कसलं आवरण नाही. भिजलेली फांदी, ओला बांबू, आंबे उतरवायची घळ, कशातूनही वीज खाली येते. ‘लाकडातून करंट येत नाही’ असं तो म्हणेल, पण 11 हजार व्होल्टच्या तारेला हे कोण समजावणार? आणि ‘आत्ता लाइट गेलीय, पटकन उरकतो’ म्हणाला तर अजिबात ऐकू नकोस. घरात अंधार झाला म्हणजे वरची तार मेली असं नसतं. कधी तीनातली एकच फेज गेलेली असते. कधी एकाच खांबावर खाली घरगुती लाइन असते आणि वर 11 केव्हीची, तिचा तुमच्या दिव्यांशी संबंध नसतो. शिवाय गेलेली लाइट यायची वेळ सांगून येत नाही.

म्हणून वीज तक्रारीच्या 1912 नंबरला फोन कर, नाहीतर सरळ वायरमनला गाठ. ते परमिट घेतात, लाइन बंद करतात, तिला अर्थिंग करतात आणि मगच वर चढतात. तारेपासून चांगली लांब असलेली, कशीही पडली तरी तारेकडे जाणार नाही अशी फांदी मात्र तुझी. ती वेळेवर काढलीस तर पुढचं सगळं टळतं.

तुझं म्हणणं मला ठाऊक आहे. ‘ताई, ते येऊन झाड भादरून जातात.’ जातात खरे. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना अख्खा फीडर मोकळा करायचा असतो, तुझ्या एका हापूसपाशी कोण रेंगाळणार? म्हणून मे महिन्याची वाट बघू नकोस. पाऊस सरला, दिवाळी आली की एकदा मान वर करून वाडीभर फिरायचं. कुठली फांदी तारेच्या दिशेने निघालीय ते बघायचं आणि तेव्हाच वीज कंपनीला अर्ज द्यायचा. कापताना तू स्वतः खाली उभी राहा, लांबून, पण उभी राहा.

काय सांगायचं तेही ऐक. शेंडा मधूनच उडवायचा नाही. तसा उडवला की खुंटावर सरळसोट फुटव्यांचा झुपका येतो. ते वेगाने वाढतात, वरवर चिकटलेले असतात, आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तारेला भिडतात. त्यापेक्षा तारेकडे जाणारी फांदी मागे, जिथे ती दुसऱ्या जाड फांदीतून फुटली आहे तिथपर्यंत काढायची, म्हणजे झाड दुसऱ्या दिशेने वाढतं. बुंध्याशी फांदीचं फुगीर कडं असतं, ते राखायचं. ॲलेक्स शिगो नावाच्या अमेरिकन वृक्षतज्ज्ञाने आयुष्यभर खोडं चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड ती आतल्या आत कोंडून टाकतं. हे कोंडायचं काम त्या कड्यापासून होतं. जड फांदी असेल तर आधी खालून थोडा काप, मग वरून, आणि शेवटी उरलेला खुंट. नाहीतर फांदी पडता पडता खोडाची साल सोलत जाते.

माड आणि पोफळीचं गणित निराळं. त्यांना वाढायला एकच कोंब, तोही शेंड्यात. तो कापलास की झाड गेलं. फार तर सुकी झावळी काढता येते. त्यामुळे माड लावताना त्याचा घेर बघू नकोस, उंची बघ. 20 मीटरचा माड आडवा झाला तर 20 मीटरपर्यंत पोचतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा वाड्याच्या वाड्या खांबांवर आणि तारांवर झोपल्या, आणि कितीतरी गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले.

आता कागदाचं बोलू, कारण ते तुला कुणी सांगणार नाही. आंबा आणि फणस ही 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत. अख्खं झाड पाडायचं तर परवानगी लागते, झाड स्वतःचं असलं तरी. शहरातल्या वन्संना सांग, तिकडे 1975 चा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण. उलट बाजूही लक्षात ठेव. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 68 म्हणतं की तारेला अडथळा होणारं झाड कार्यकारी दंडाधिकारी काढायला लावू शकतात. पण झाड लाइनच्या आधीचं असेल, तर मालकाला वाजवी भरपाई द्यावी लागते. तुझ्या आजेसासऱ्यांनी लावलेला आंबा खांबाच्या आधीचा आहे ना? मग जुना फोटो, सातबाऱ्यावरची नोंद, जे सापडेल ते आत्ताच एका फाइलीत ठेव.

अजून दोन गोष्टी. खांबाच्या ताणाच्या तारेवर चढलेला वेल ओढायला जाऊ नकोस, गुरंही त्या ताणाला बांधू नकोस. आणि तार तुटून खाली पडली तर पोरांना, कुत्र्याला घेऊन लांब व्हायचं. ओल्या जमिनीतूनही धक्का बसतो, म्हणून लांब ढांगा टाकायच्या नाहीत. पावलं जोडून, जमिनीवरून सरकत मागे यायचं, आणि फोन लांबूनच करायचा.

राहिला तारेखालचा पट्टा. तिथे शेवगा नको, त्याचं लाकूड ठिसूळ. बांबू तर नकोच, पावसाळ्यात तो बघता बघता तारेला लागतो. कागदी लिंबू, जास्वंद, तगर, कढीपत्ता लाव, हाताच्या उंचीत ठेव आणि दरवर्षी खाली उभी राहूनच छाट. सासूबाईंना माड तिथेच हवा असेल तर भांडू नकोस. रोप घेऊन त्यांना सोबत ने, 20 मीटर पावलांनी मोजून दाखव, आणि जिथे पाऊल थांबेल तिथे त्यांच्याच हाताने लावून घे.