मागची स्प्रिंग कापू नका

प्रश्न : माझी अल्टो ८०० मागून उंच दिसते. घरीच ग्राइंडरने मागच्या स्प्रिंगांचं एकेक वेटोळं कापलं, तर गाडी रस्ता घट्ट धरेल ना?
– एक वाचक, माहुल

उत्तर : नाही. पण काळजी नको, गाडीत दोष नाही. माणसं-सामानाचा भार गृहीत धरूनच रिकाम्या गाडीची मागची बाजू उंच ठेवलेली असते. कापलेली स्प्रिंग कडक होते. चाक लोंबकळलं की जागेवरून सुटूही शकते. शिवाय मागची बाजू बसली की हेडलाइट वर उठतात. माहुलच्या टँकरच्या रस्त्यावर समोरच्याचे डोळे दिपणं फार धोक्याचं! हौसच असेल, तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा. मग चारही चाकांच्या जुळणाऱ्या तयार स्प्रिंगा जाणत्या मेकॅनिककडून बसवा, हेडलाइट तपासून घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका.