‘ए’, ‘द’ आणि ‘धिस’ : पावतीवरील लहान शब्दांचे मोल

व्यापारी व कारागीर बंधूंनो,

मुदतीचा उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि लिहिणाऱ्याने तो न्यायाने लिहावा, अशी ताकीद कुरआन मजीदच्या सूरह बकरामध्ये (आयत 282) आहे. आपल्यापैकी बहुतेकांची वही नीट असते. पण बाहेरगावच्या पार्टीला द्यावयाचे बिल, कोटेशन, पावती इंग्रजीत लिहावी लागते, आणि तेथे एखाद्या लहानशा शब्दाने घोटाळा होतो.

आमच्या ओळखीच्या एका सुतार मिस्त्रींचे उदाहरण घ्या. त्यांचे एका गिऱ्हाइकाकडे 12,000 रुपये येणे होते. पैकी 5,000 मिळाले. पावतीवर त्यांनी लिहिले : ‘रिसीव्हड द बॅलन्स, रुपीज 5,000’. पुढे उरलेले 7,000 मागायला गेले, तेव्हा गिऱ्हाइकाने तीच पावती पुढे केली. “बाकी 5,000 वर मिटली, असे तुम्हीच लिहून दिले आहे!” चार माणसे मध्ये पडली, 3,000 वर तडजोड झाली आणि मिस्त्रींचे 4,000 बुडाले. ‘द बॅलन्स’ म्हणजे राहिलेली सगळी बाकी. मिस्त्रींनी लिहायला हवे होते : ‘रिसीव्हड ए पार्ट पेमेंट ऑफ रुपीज 5,000. द बॅलन्स इज रुपीज 7,000.’ म्हणून आज आपण ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ आणि ‘धिस’, ‘दॅट’ हे शब्द शिकू.

‘ए’ आणि ‘द’ : अरबीतली ओळख

मराठीत व उर्दूत असे शब्द नाहीत, म्हणून आपल्याला ते अवघड वाटतात. पण मक्तबमध्ये शिकलेल्या माणसाला ते नवे नाहीत. अरबीत ‘किताबुन’ म्हणजे कोणते तरी एक पुस्तक आणि ‘अल्-किताब’ म्हणजे ते ठराविक पुस्तक. बैतुलमाल, दारुल उलूम या शब्दांतही हाच ‘अल’ बसला आहे. इंग्रजीतला ‘द’ साधारणपणे या ‘अल’चे काम करतो आणि ‘ए’ हा त्या शेवटच्या ‘उन’चे.

सोपी कसोटी अशी : ऐकणाऱ्याने “कोणते?” असे विचारण्याची गरज असेल तर ‘ए’, त्याला आधीच माहीत असेल तर ‘द’. आपल्या शहराचेच वाक्य पाहा : ‘मौलाना आझाद वॉज ए प्रिझनर इन द फोर्ट.’ 1942 साली किल्ल्यात अनेक नेते कैदेत होते, मौलाना त्यांतले एक, म्हणून ‘ए प्रिझनर’. पण नगरमध्ये “किल्ला” म्हटले की कोणता हे विचारावे लागत नाही, म्हणून ‘द फोर्ट’. जगात एकच असलेल्या वस्तूलाही ‘द’ लागतो : द सन, द मून, द कुरआन. नदीच्या नावाला लागतो : द सीना, द गोदावरी. गावाच्या नावाला लागत नाही. आपल्या शहराचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले. जुने नाव असो वा नवे, पुढे ‘द’ नको.

‘ए’ की ‘ॲन’?

येथे कान वापरावा, डोळे नव्हे. पुढचा शब्द उच्चारताना स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आले तर ‘ए’. अक्षर कोणते आहे ते पाहू नये. ‘ॲन एमआयडीसी प्लॉट’, ‘ॲन एसएमएस’, ‘ॲन अवर’, ‘ॲन ऑनेस्ट मॅन’. पण ‘ए जीएसटी नंबर’, ‘ए यूपीआय पेमेंट’, ‘ए युनियन’. पुढच्या अक्षराने उच्चार बदलणे आपल्याला नवे नाही. ‘अल्-कमर’मध्ये ल ऐकू येतो, पण ‘अश्शम्स’मध्ये तो ऐकू येत नाही.

‘ए’ आणि ‘ॲन’ फक्त एका, मोजता येणाऱ्या वस्तूला लागतात. कातडे, कापड, फर्निचर, माहिती हे शब्द इंग्रजीत मोजले जात नाहीत. म्हणून ‘ए लेदर’ नव्हे, ‘ए पीस ऑफ लेदर’. ‘फर्निचर्स’ नव्हे, ‘फर्निचर’. माल या अर्थाचा ‘गुड्स’ मात्र नेहमी अनेकवचनी : ‘द गुड्स आर रेडी.’

दुकानदाराने आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. ‘ए फ्यू पीसेस आर लेफ्ट’ म्हणजे थोडे नग शिल्लक आहेत, या. नुसते ‘फ्यू पीसेस आर लेफ्ट’ म्हणजे जवळजवळ संपले. एका ‘ए’ने गिऱ्हाईक येते किंवा परत जाते.

धिस, दॅट, दीज, दोज

मराठीत हा, ही, हे असे लिंग सांभाळावे लागते. इंग्रजीत ती कटकट नाही. फक्त संख्या आणि अंतर पाहायचे. जवळचे एक ‘धिस’, जवळचे अनेक ‘दीज’. लांबचे एक ‘दॅट’, लांबचे अनेक ‘दोज’. ‘धिस लॉक’, ‘दीज लॉक्स’. चप्पल जोडीने विकली तर ‘धिस पेअर’, नुसत्या चपला म्हटले तर ‘दीज चप्पल्स’. टेलर बंधूंची कात्री एकच असली तरी इंग्रजीत अनेकवचनी : ‘दीज सिझर्स’.

येथे अरबीची सवय सोडावी. अरबीत ‘हाजल किताब’ म्हणताना ‘हाजा’ आणि ‘अल’ दोन्ही येतात. इंग्रजीत एका नामापुढे दोन्ही चालत नाहीत. ‘धिस द बिल’ चूक, ‘धिस बिल’ बरोबर. तसेच ‘धिस माय शॉप’ नव्हे. ‘धिस इज माय शॉप’ म्हणावे.

आता सारे एका पत्रात पाहू : ‘वुई ऑर्डर्ड 50 लॉक्स. द लॉक्स केम ऑन मंडे. फाइव्ह ऑफ दीज लॉक्स आर डिफेक्टिव्ह. प्लीज सेंड ए क्रेडिट नोट.’ प्रथम उल्लेख अनेकवचनी, म्हणून काही नाही. मग ठराविक झाली, म्हणून ‘द’. कुलपे आपल्यापुढे आहेत, म्हणून ‘दीज’. क्रेडिट नोट अजून आलेली नाही, म्हणून ‘ए’.

सराव

गाळलेल्या जागा भरा : (1) प्लीज गिव्ह मी ... इनव्हॉइस. (कोणतेही एक) (2) ... गुड्स यू सेंट यस्टरडे आर गुड. (3) ... चेअर्स हिअर आर सोल्ड. (4) ही हॅज ... यूपीआय क्यूआर कोड.

उत्तरे : (1) ॲन (2) द (3) दीज (4) ए.

आज रात्री दुकान बंद करताना गेल्या महिन्याच्या पाच इंग्रजी पावत्या काढा. जेथे ‘बॅलन्स’ लिहिले आहे, तेथे पैसे सगळे आले होते की काही, ते वहीशी ताडून पाहा. चूक सापडल्यास पार्टीला लगेच कळवून दुरुस्त पावती द्या. दोघांचा हिशेब साफ राहील, इन्शाअल्लाह.