सायकलवीरांच्या जर्सी : सोंगट्या रंगवण्याचा एक धडा

सोंगटी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ल्यूडो येतो, नाहीतर मेसशेजारचा कॅरम. पण सध्या आमच्या विंगमध्ये ज्या सोंगट्यांनी धुमाकूळ घातला आहे, त्या चक्क सायकलवर बसलेल्या आहेत! खेळाचं नाव 'फ्लाम रूज'. डेन्मार्कच्या आस्गर हार्डिंग ग्रानेरूड यांनी तयार केलेला हा खेळ २०१६ साली फिनलंडमधून प्रसिद्ध झाला. नावाचा अर्थ 'लाल ज्योत'. सायकल शर्यतीत शेवटचा एक किलोमीटर उरला की रस्त्यावर जे लाल निशाण लावतात, त्याला फ्रेंच लोक असं म्हणतात.

बोर्डावर चार संघ असतात : निळा, लाल, हिरवा आणि काळा. प्रत्येक संघात दोन गडी. एक 'रूलर' (पट्टी नव्हे, एका लयीत लांबवर ओढत नेणारा) आणि दुसरा शेवटी झेप घेणारा 'स्प्रिंटर'. दुसऱ्याच्या मागे राहिलात तर वारा लागत नाही, दम वाचतो. पुढे एकटेच पळालात तर थकव्याचा पत्ता गळ्यात पडतो. एरोडायनॅमिक्सच्या लेक्चरला जे कळलं नाही, ते इथे पहिल्याच डावात कळतं!

हा लेख मात्र खेळाबद्दल नाही, सोंगट्या रंगवण्याबद्दल आहे. (मी कॉन्व्हेंटचा, तेव्हा शुद्धलेखन संपादक मंडळाच्या भरवशावर.)

१. आधी प्रॉब्लेम काय, ते बघू

पेटीतून सोंगट्या येतात त्या एकरंगी प्लास्टिकच्या. आमच्या विंगमधला एक मित्र दोन-तीन डाव खेळला आणि मग "जर्नल लिहायचंय रे" म्हणून उठून जायला लागला. जर्नल कधीच पूर्ण झालं नाही, तेव्हा आम्ही खोदून विचारलं. त्याला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. लॅबमध्ये रेझिस्टरचे पट्टे वाचण्याऐवजी तो गुपचूप मल्टीमीटर लावतो. "माझा गडी कुठला?" असं दर वेळी विचारायची त्याला लाज वाटायची. त्याला विचारूनच हे लिहितोय.

ही गोष्ट दुर्मिळ नाही. लाल-हिरव्या रंगांधत्वाची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलांकडे एक्स एकच, म्हणून मुलींपेक्षा मुलांमध्ये ते कितीतरी जास्त आढळतं. एवढ्या मोठ्या हॉस्टेलमध्ये तो एकटाच असेल असं मला वाटत नाही.

म्हणजे डिझाइनची अट ठरली : ओळख फक्त रंगावर अवलंबून नको. रंग गेला तरी नक्षी उरली पाहिजे.

२. उत्तर जुन्या शर्यतींमध्ये

'तूर द फ्रान्स' १९०३ साली 'लोटो' या वर्तमानपत्राने सुरू केली. रस्त्याकडेला उभ्या माणसासमोरून सायकलींचा घोळका काही सेकंदांत निघून जातो. त्यात पहिला कोण, हे कसं कळणार? १९१९ साली आघाडीवीराला पिवळी जर्सी देण्यात आली. ती पहिल्यांदा घातली यूजेन क्रिस्तोफने. 'लोटो' छापला जायचा तो कागदही पिवळाच होता! इटलीच्या 'जीरो'ने १९३१ साली गुलाबी जर्सी आणली, कारण तिथल्या आयोजक वर्तमानपत्राचा कागद गुलाबी.

त्या काळच्या जर्सी लोकरीच्या होत्या. त्यांवर आजच्यासारखी बारीक छपाई नसे. ठळक पट्टा, वेगळी कॉलर, मोठी अक्षरं, बस्स. लांबून आणि झटकन ओळखू येणं हीच गरज, आणि टेबलापलीकडून बघणाऱ्याची गरजही नेमकी तीच. म्हणून मी या चार निवडल्या :

निळा संघ – बियांकी. 'चेलेस्ते' नावाचा हिरवट आकाशी रंग आणि छातीवर पांढरा आडवा पट्टा. फाउस्तो कोप्पीचा संघ. आकाशी थोडा गडद घ्या, नाहीतर पट्टा उठून दिसत नाही.

हिरवा संघ – लेन्यानो. गडद हिरवी, लाल कॉलर. हा जीनो बार्तालीचा संघ. १९४० साली कोप्पीने पहिली 'जीरो' जिंकली ती याच जर्सीत, बार्तालीचा साथीदार म्हणून. वय वर्षं २०! आणि आपण इथे बॅकलॉग मोजतोय.

लाल संघ – स्वित्झर्लंड. १९३० ते १९६१ 'तूर'मध्ये राष्ट्रीय संघ धावत. लाल जर्सीवर पांढरा क्रॉस. १९५० साली फर्दी कुब्लर आणि १९५१ साली हुगो कोब्लेट, असे लागोपाठ दोन स्विस विजेते झाले.

काळा संघ – प्यूजो. १९६३ पासूनची पांढरी जर्सी, छातीवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन. एडी मर्क्स १९६६-६७ मध्ये या संघात होता.

म्हणजे पट्टा, साधी, क्रॉस आणि चौकटी. चार संघ, चार वेगळ्या खुणा.

३. कृती

(अ) सोंगट्या कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून काढताना लागलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. वाळल्यावर प्रत्येक सोंगटी बाटलीच्या झाकणावर डबल टेपने चिकटवा, म्हणजे हात लागत नाही.

(आ) राखाडी मॅट प्रायमरचा पातळ थर. स्प्रे असेल तर गच्चीवर, तोंडाला मास्क बांधून. काही स्प्रे प्लास्टिक मऊ करतात, म्हणून आधी तळाच्या बाजूला मारून बघा.

(इ) स्टेशनरीच्या दुकानातले ॲक्रिलिक रंग चालतात. पाणी घालून दुधाइतके पातळ करा. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर बरे, नाहीतर चेहऱ्याची ठेवणच बुजते. ब्रश शून्य नंबरचा.

(ई) चड्डी काळी, मोजे पांढरे, बूट काळे. अगदी काळाकुट्ट रंग नको, गडद राखाडी वापरा, म्हणजे सावलीला जागा राहते. प्यूजोचे चौकोन टूथपिकने ठिपके देऊन दोन ओळींत, एकाआड एक.

(उ) तपकिरी रंगात भरपूर पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून सोंगटीवर फिरवा. साबणाने पृष्ठताण कमी होतो आणि रंग केशाकर्षणाने खाचांमध्ये आपोआप शिरतो. घड्या, बोटं, साखळी, सगळं उठून दिसतं. उंचवट्यावर साचलेला रंग लगेच कोरड्या ब्रशने टिपा.

(ऊ) रूलर आणि स्प्रिंटर वेगळे कळावेत म्हणून मी रूलरच्या पाठीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा जादा टायर रंगवला. पूर्वीचे सायकलवीर तसा टायर खांद्यावरून अडकवून निघत, कारण पंक्चर स्वतःच काढावं लागे. प्यूजोच्या जमान्यात मदतीच्या गाड्या आल्या होत्या, पण तेवढी सूट घेऊ!

(ए) शेवटी मॅट वार्निश. लोकर चमकत नाही. शिवाय ट्यूबलाइटची चमक पडली की नक्षी दिसत नाही.

४. टेस्टिंग

सगळ्या सोंगट्या बोर्डावर उलटसुलट मांडा. मोबाइलचा कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइटवर टाकून एक मीटरवरून फोटो काढा. फोटोत आठही गडी ओळखता आले तर काम फत्ते. एखादी जोडी सारखी दिसली तर खूण मोठी करा, रंग बदलत बसू नका.

आमच्या मित्राने आता "माझा कुठला?" विचारणं सोडलंय. मागच्या रविवारी स्प्रिंटरचा नऊचा पत्ता शेवटपर्यंत दाबून ठेवून त्याने आम्हा तिघांना धूळ चारली. जर्नल अजून अपूर्णच आहे, पण आता कारण वेगळं आहे!

जाता जाता एक विनंती, विद्यार्थ्यांना आणि सरांनाही. सेमिनारच्या ग्राफमध्ये एक रेघ लाल आणि एक हिरवी काढता, तेव्हा एक सलग काढा आणि दुसरी तुटक. खर्च शून्य, आणि शेवटच्या बाकावरच्या कुणाला तरी तो ग्राफ पहिल्यांदाच वाचता येईल.